तेहतीस अनारसे आन् जाड तारेची स्प्रिंग

वच्छलाबाईनं सकाळी दार उघडलं आन् अंगणातल्या फियाटीकडं बघून हातातला तांब्या तसाच हातात राह्यला.

गाडी नाक वर करून उभी होती.

पुढच्या चाकाच्या वर अख्खी मूठ जाईल एवढी फट. मागचं बूड जागच्या जागी, आन् तोंड मात्र आभाळाकडं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची गाडी, पर उभी कशी, तर सोयरे बघायला आल्यावर म्हातारा दम कोंडून छाती काढतो न, तशी.

"अमरसिंह!"

नातवाला तिनं पुऱ्या नावानं हाक मारली म्हणजे त्या घरातली मांजरंसुद्धा चुलीमागं जातेत. अमरसिंह तोंडात ब्रश घेऊनच आला. चोवीस वर्षांचा गडी, दाढी कोरलेली, मिशीला पीळ.

"काय केलं तू गाडीला?"

"नव्या स्प्रिंगा टाकल्या की आज्जी. काल बीडला जाऊन. कशी दिसायली?"

"कुणाला इचारून?"

"त्यात इचारायचं काय? डावी तुटलीच होती. तूच रोज म्हणायली, गाडी नीट करा, गाडी नीट करा."

हे मातर खरं होतं. वच्छलाबाईच्या मणक्याचं आपरेशन होऊन तीन वर्सं झालती. तवापासून घरच्या त्या काळ्या उंच जीपगाडीत तिला चढता येत न्हवतं. पायरीवर पाय टाकला की कंबरेतून वीज निघायची ती थेट टाळूत. यष्टीचं तर नाव काढायचं काम न्हवतं. चालायची ती एकच गाडी, तिच्या मालकाची फियाट. सुंदरराव पंचायत समितीचे सभापती होते तवा त्यांनी घेतलेली, सायीच्या रंगाची. तिचं शीट बुटकं, पुढचं सुद्धा बाकड्यासारखं सलग. दार उघडायचं, बूड टेकायचं, पाय आत घ्यायचे, झालं. सुंदररावाला जाऊन सहा वर्सं झाली, पर गाडी घरच्यांनी इकली न्हवती.

आन् या धोंड्याच्या महिन्यात वच्छलाबाईला घाटनांदूरला जायचं होतं. जायचंच होतं. तिथं तिची थोरली बहीण, सत्यशीला, चौऱ्याऐंशी वर्षांची. आई गेली तवापासून वच्छलाबाईनं अक्कालाच आई धरलती. धोंडा येतो तीन वर्षांतून एकदा. त्या महिन्यात लेकीनं आईला लुगडं न्यायचं आन् मोजून तेहतीस अनारसे, ही रीत. मागच्या धोंड्यात वच्छलाबाई दवाखान्यात पालथी पडली होती. तवा अक्का फोनवर म्हणलती, "राहू दे गं वच्छे. पुढच्या धोंड्याला मी असले तर ये." ते बोलणं हिच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं होतं. आन् आता हा धोंडा सरायला नऊ दिवस उरलते.

"कोणती स्प्रिंग टाकली?" तिनं इचारलं.

अमरसिंहाची छाती फुगली. "सगळ्यात जाड! दुकानदारानं तीन दाखवल्या. एक बारीक तारेची, एक मधली, एक जाड. म्हणलं जाड दे. आपल्या घराला बारीक शोभती का? टॅक्सीवाले हीच टाकतेत. आठ-आठ माणसं कोंबून घाट चढतेत."

"आपण आठ माणसं कोंबणार हावोत का?"

"तसं न्हवं आज्जी. गाडी उंच पाहिजे. तो राधाकिशन पानटपरीवर काय म्हणला मालूम हाय का? चार माणसात म्हणला, सभापती गेले, पर त्यांची गाडी अजून वाकून मतं मागायली!"

राधाकिशन म्हणजे खालच्या आळीचा. त्याचं घर आन् हे घर तीन निवडणुका एकमेकांच्या पुढं उभे राह्यलेले. वच्छलाबाईचे कान तापले. पर तापले ते दोघांवर बी.

"म्हणजे राधाकिशनचं तोंड बंद करायला तू माझ्या कंबरेखाली मुसळ ठेवलं?"

"मुसळ कावून? नवी कोरी स्प्रिंग हाय. तू बसून तर बघ. तो अनारशाचा डबा बी घे मांडीवर. एक जरी फुटला तर मिशी काढीन!"

बाई इरेला पेटली. आदल्या दिवशी तळलेले तेहतीस अनारसे डब्यात भरलेले होते. डबा घेतला, पदर खोचला आन् गाडीपाशी गेली. दार उघडलं, तर शीट टीचभर वर गेलेलं. बूड टेकेना. एक हात दाराला, एक हात नातवाच्या खांद्याला, असं करत कशीबशी चढली. चढल्यावर कंबर म्हणली, मी हितंच हाय बरं का.

मारुतीच्या देवळापासून यष्टी थांब्यापर्यंत. बास, तेवढाच रस्ता. त्यात दोन ब्रेकर आन् नळाच्या पाइपासाठी खांदलेला एक चर. पहिल्या ब्रेकरला गाडीनं असा हिसका दिला की वच्छलाबाईचे दात वाजले. दुसऱ्याला तिनं "आई गं" म्हणून डोळे मिटले. चराला काय झालं ते तिनं सांगितलं न्हाई, पर तिथून पुढं ती गप बसली. आन् वच्छलाबाई गप बसली म्हणजे काम इस्कटलं समजायचं.

घरी येऊन डबा उघडला. सतरा फुटलेले. तीन-चारचा तर नुसता चुरा, खसखस येगळी, अनारसा येगळा.

अमरसिंह मिशीवर हात ठेवून उभा राह्यला.

"मिशी ठेव तुझ्यापाशीच," वच्छलाबाई म्हणली. "मी काय तिची वात वळू? तुला कळतंय का, मुरलेलं पीठ आता एका घाण्यापुरतं राह्यलंय. एक घाणा! तांदूळ भिजवायचे तीन दिवस, वाळवायचे, कुटायचे, गुळात मुरवायचे. तोवर धोंडा सरतोय. हे अनारसे फुटले, माझी कंबर फुटली, आन् अक्का तिकडं दाराकडं बघत बसायली. उभ्या जिल्ह्याला एकच गोष्ट कळती, ओझं! उसाची गाडी असो, पोत्यांची गाडी असो, टाका जाड स्प्रिंग, टाका जाड पाटा. मी काय ऊस हाय का रे?"

अमरसिंहाचा बाप, रामेश्वर, वसरीत चहा पेत होता. तो म्हणला, "आई, जाऊ दे न. अक्काला लुगडं कुरियरनं पाठवू. अनारसे आजकाल दुकानात भेटतेत."

त्यानंतर पुढचा तासभर रामेश्वरला चहा गोड लागला न्हाई. बाई त्याला काय बोलली ते सगळं सांगत न्हाई. एवढंच सांगतो, की "तुझ्या वेळंला पोटात नऊ महिने ठेवलं, ते बी कुरियरनं पाठवायला पाहिजे होतं," हे त्यातलं सगळ्यात मवाळ.

मग तिनं अनारशाचा डबा अमरसिंहाच्या हातात दिला, काठी उचलली आन् निघाली हायवेकडं, मल्लिनाथच्या गॅरेजला. चालत. अमरसिंह म्हणला, "आज्जी, गाडीत बस न." ती म्हणली, "तुझ्या गाडीत तू बस." म्हणून बाई काठी टेकत पुढं, आन् तिच्या मागं दहा पावलांवर फियाट, पहिल्या गेरात, नाक वर करून. जेठाचं ऊन डोक्यावर. सारं चौसाळा गाव दुकानातून माना बाहेर काढून बघायलं. शाळा चुकवलेल्या पोराला धरून न्यावं तशी ती गाडी चाललेली.

मल्लिनाथचं गॅरेज हायवेला लिंबाच्या झाडाखाली. साठीचा माणूस, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आन् कोपरापर्यंत काळं आइल. गावात त्याला सगळे अप्पा म्हणतेत. फियाटीचा बोनेट आंधळ्यानं देव चाचपावा तसा चाचपणारा तो एकच माणूस जिल्ह्यात उरलाय. त्यानं बाईला बघितलं, मागची गाडी बघितली, आन् हातातला पाना खाली ठेवला.

"काल सांजच्याला ही गाडी माझ्या म्होरून गेली, काकू. मला वाटलं शिंकायलीय का काय."

"तू हाक का न्हाई मारली मग?"

"मी कावून मारू?" मल्लिनाथ एकदम तडकला. "तीस वर्सं ही गाडी मी बघितली. सभापती असते तर दुसऱ्याचा पाना लावू दिला असता का? आन् हे तुमचे नातू बीडला जाऊन स्प्रिंग टाकून येतेत. बीडला! आमच्या दारावरून! मी काय मेलो होतो का?"

"मला वाटलं अप्पांकडं जुनं सामान असतंय," अमरसिंह हळूच म्हणला.

"जुन्या गाडीला जुनं सामान न्हाई तर काय इमानाचं टाकतेत का बे?"

वच्छलाबाईनं काठी आपटली. "तुमचं भांडण मागून करा. मला नऊ दिवसाच्या आत घाटनांदूरला जायचंय. ह्या पुढच्या शीटवर बसून. नव्वद किलोमीटर. आन् अनारसे न फुटता."

मल्लिनाथनं मग जॅक लावला. डोक्यावरची टोपी काढून ठेवली, दोन लांब बोल्ट घातले, स्प्रिंग इंच-इंच सैल केली. दाबलेली स्प्रिंग म्हणजे डालीखाली कोंडलेला साप. हात चुकला की संपलं. दोन्ही जाड स्प्रिंगा काढून त्यानं फरशीवर उभ्या केल्या. एकीवर फळी ठेवली.

"चढ," तो अमरसिंहाला म्हणला.

"कशावर?"

"फळीवर. वजन किती तुझं?"

"ब्याऐंशी."

अमरसिंह फळीवर चढला. स्प्रिंग हलली बी न्हाई. मल्लिनाथनं वाकून पट्टी लावली. नखभर.

"बघ. ब्याऐंशी किलोला ही दाद देत न्हाई. ही नंदी हाय नंदी, देवळाबाहेरचा. आता काकूंच्या अंगाला ती काय इचारणार?"

"मग दोन वेढे कापा की," अमरसिंह म्हणला. "गॅस कटरनं. गाडी खाली बी बसंल आन्..."

मल्लिनाथचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्याच्या गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "कापा? स्प्रिंग कापा? कापलेली स्प्रिंग आखूड होती बाबा, मऊ न्हाई होत. उलटी कडक होती! लांब काठी वाकती का आखूड काठी वाकती? हे पोरं मोबाइलमधे बघतेत आन् आम्हाला कापायला सांगतेत. माझ्या गॅरेजात एवढ्या वर्सात एक स्प्रिंग कापली न्हाई मी. एक!"

"बरं, बरं, अप्पा. तुमी सांगा कशी टाकायची."

मल्लिनाथनं हात पुसले आन् बाईकडं वळला. "आमचा एकच कायदा हाय काकू. ट्रॉलीवाल्याला इचारायचं किती टन. मोटारवाल्याला इचारायचं, कोण बसणार. पुढं कोण बसणार?"

"मी. आन् चालवायला हा."

"तुमचं वजन किती?"

वच्छलाबाईचे डोळे मोठे झाले. शेजारी टायरवाला, चहावाला, दोन ट्रकवाले, सगळे ऐकायलेले. "भर रस्त्यात बाईमाणसाला वजन इचारतोस?"

"इचारावं लागतंय."

"आजवर कुणी इचारलं न्हाई ते?"

"न्हाई न," मल्लिनाथ म्हणला, आन् त्याचा आवाज खाली आला. "तीच तर चूक. तुमाला सांगतो. तुमच्या डिकीत काढून टाकल्यात त्या जुन्या स्प्रिंगा मीच टाकलत्या, पंच्याण्णव साली. सभापती हितंच खुर्चीवर बसलते. मी इचारलं, कोण बसणार? ते म्हणले, मी, एकशेदहा किलो, माझ्या हिशोबानं टाक. मी टाकल्या."

"आन् मी?"

"तुमचं नाव निघालं न्हाई, काकू."

वच्छलाबाईनं डिकीतल्या त्या तुटक्या जुन्या स्प्रिंगेला काठीचं टोक लावलं. पंच्याण्णव साली तिची कंबर काही दुखत न्हवती, तरी तिला आठवलं. परळीचा रस्ता, पाटोद्याचा रस्ता, लग्नं, मयती, प्रचार. ती मागच्या शीटवर पाच बायांत दाटून. सुंदरराव पुढं आरामात, गाडी त्यांच्या खाली पाण्यावर चालल्यासारखी. ते मागं वळून म्हणायचे, "काय गाडी हाय, पोटातलं पाणी हलत न्हाई!" आन् ती म्हणायची, "हो." हो म्हणायची!

"एवढी वर्सं," ती बोलायला लागली आन् तिचा आवाज चढत गेला. "एवढी वर्सं मी त्या माणसाच्या वजनावर बसले! गाडी त्याच्या मापाची, घर त्याच्या मापाचं, तिकीट त्याचं, सभा त्याची. माणूस वरती गेला, तरी खाली माझ्या कंबरेला त्याच्या वजनाची स्प्रिंग! आन् आता त्याचा नातू आणखी जाड घेऊन आला! आन् तू रे मल्लिनाथ? तुझा तर कायदा होता न? तू तरी कावून न्हाई इचारलं, की घरात आणखी एक माणूस हाय म्हणून?"

मल्लिनाथनं मान खाली घातली. "चुकलं, काकू."

"चुकलं म्हणतोय! कुठं हाय काटा?"

"आं?"

"वजनाचा काटा! चल!"

शेजारी भुसाराची आडत होती. तिथं पोती मोजायचा लोखंडी काटा. वच्छलाबाई काठी टेकत आत गेली. हमालांनी तुरीचं पोतं खाली घेतलं. आडतवाला गडबडीनं गादीवरून उठला. "आवो काकू, खुर्चीवर बसा न, चहा..."

"चहा नको. वजन कर माझं."

ती काट्यावर चढली, सभापतीची बायको, डोक्यावर पदर, हातात काठी. हमाल माना वळवून उभे राह्यले, जणू काही बघूच नये.

"तिकडं काय बघता रे?" बाई वराडली. "हिकडं बघा आन् मोठ्यानं सांगा. तुरीचं सांगताव तसं सांगा!"

"शेहेचाळीस!" हमाल ओरडला.

"काठीसकट?"

"काठीसकट."

"काठी काढून?"

"पंचेचाळीस आन् वर थोडं."

"ऐकलं का?" ती मल्लिनाथला म्हणली. "आता लिहून घे. हा डबा दे रे अमरसिंह. डबा बी धरायचा. डबा घेऊन किती? सांगा!"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीला तिचं वजन कळलं.

मग मल्लिनाथ माळ्यावर चढला. मोडीत निघालेल्या फियाटींच्या स्प्रिंगा त्यानं तारेत ओवून ठेवलेल्या, बांगड्यांच्या दुकानात असतेत तशा. दहा-बारा खाली आल्या. त्यानं एक-एक पुसली. तारेची जाडी मापली, वेढे मोजले, फरशीवर शेजारी-शेजारी उभ्या करून उंची बघितली. काहींवर जुन्या रंगाची रेघ होती, कुठं पिवळी, कुठं हिरवी. अमरसिंहानं त्यातल्या दोन सारख्या उंचीच्या उचलल्या. "ह्या घ्या की अप्पा. सारख्याच हायत."

"एकीची रेघ पिवळी, एकीची हिरवी. एक मऊ, एक कडक. तू बैलजोडी घेताना एक देवणी आन् एक खिलार जुपतो का?"

"रंगानं काय होतंय, उंची तर..."

"उंची उभी असताना सारखी. ओझं आलं की एक बसती, दुसरी बसत न्हाई. गाडी लंगडी चालती. कळलं? बस आता खाली, आन् पुस ह्या."

अमरसिंह खाली बसला आन् पुसायला लागला.

पहिली जोड निघाली पिवळ्या रेघेची, सगळ्यात मऊ. दुपार कलली तवा ती बसवून झाली. वच्छलाबाई शीटवर बसली, तर अशी बसली, की जणू कुणी उचलून गादीवर ठेवली. "हां! ही!" ती म्हणली. मल्लिनाथनं गाडी सुरू केली. हायवेच्या बाजूच्या रस्त्यानं ब्रेकरपर्यंत नेली. गाडी खाली गेली, गेली, आन् खालून आवाज आला, ठण्ण! बाईच्या कंबरेला तो ठण्ण बरोबर कळला.

"हे बी न्हाई," ती दातओठ खात म्हणली. "मल्लिनाथ, तू मला मऊ लावून फसवायलास का?"

"फसवत न्हाई, दाखवायलोय. पुढं नुसत्या तुमी बसत न्हाई काकू, पुढं इंजन बी बसतंय. जाड स्प्रिंग तुमाला ऐकत न्हाई, लई मऊ स्प्रिंग इंजनाला ऐकत न्हाई. आता कळलं मला, कुठं थांबायचं."

रेघ न्हवती अशी एक दुसरी जोड त्यानं काढली. अमरसिंहाला फळीवर चढवून दोन्ही मापल्या. एकसारख्या, बोटाच्या पेराएवढ्या दबल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जोड बसवली, बाईला बसवलं, डबा मांडीवर, आन् खाली वाकून चाकावरची फट चार बोटं घालून बघितली. बाई उतरली, परत फट बघितली. परत बसवली. असं चार वेळा. पाचव्यांदा वच्छलाबाई म्हणली, "लग्नात पाटावरून इतक्यांदा उठवलं न्हवतं रे मला." पर बसली. आन् ब्रेकरवरून गाडी अशी गेली, की बाईनं इचारलं, "ब्रेकर गेला का?"

गाडीचं नाक मातर खाली आलं होतं. चांगलं दोन बोटं. लांबून बघितलं तर जराशी वाकलेलीच दिसायची. अमरसिंह कंबरेवर हात ठेवून बघत राह्यला.

"आज्जी, हे तर परत... राधाकिशन..."

"येऊ दे त्याला."

उरलेल्या पिठाचा घाणा तिनं सोमवारी तळला. बरोबर तेहतीस झाले, वर एक बी न्हाई. मंगळवारी सकाळी उनाच्या आधी निघायचं ठरलं. हिरवं लुगडं, डबा, पाण्याची बाटली, आन् वच्छलाबाई पुढं. पानटपरीपाशी राधाकिशन तोंडात पान धरून उभाच होता, जणू त्याला कुणी टाइम देऊन बोलवलं होतं.

"काय काकू!" तो तिथूनच वराडला. "सभापतींची गाडी परत वाकली का काय?"

अमरसिंहाच्या कानशिलाची शीर उडायली. बाई म्हणली, "थांबव."

"आज्जी, जाऊ दे न."

"थांबव म्हणलं न!" गाडी थांबली. तिनं काच खाली केली. "राधाकिशन, हिकडं ये. उन्हात वरडू नको. ये, ये."

राधाकिशन आला. गाडी बुटकी, म्हणून खिडकीत तोंड घालायला तो कंबरेतून पार वाकला.

"कावून वाकलास रे?"

"आं? तुमी बोलायलाव, ते ऐकू यावं म्हणून काकू."

"मग गाडी म्हातारीला बसता यावं म्हणून वाकली तर तुझ्या पोटात कावून दुखतंय? सरक, टायर जाईल पायावरून. चल रे!"

मागं पानटपरीवर जे हसू फुटलं ते मांजरसुंब्यापर्यंत अमरसिंहाच्या तोंडावर टिकलं.

नेकनूर गेलं, केज गेलं, अंबाजोगाईचा चढ गेला. वच्छलाबाई प्रत्येक खड्ड्याला डब्यावर हात ठेवायची आन् खड्डा गेला की उचलायची. नेकनूरला अमरसिंहानं चहा पेला, ती गाडीतच बसून राह्यली. उतरायचं कारण न्हवतं, कंबर गप होती. तीन वर्षांत पहिल्यांदा ती कंबर गप होती. अंबाजोगाईच्या पुढं तर बाई चक्क पेंगली.

घाटनांदूरला अक्का दारातच खाट टाकून बसली होती. कधीपासून बसली होती देव जाणे. तिला आता कमीच दिसायचं, तरी गाडीचा आवाज तिनं ओळखला. "वच्छे, ती तुझ्या मालकाची गाडी का गं?"

"माझी हाय," वच्छलाबाई म्हणली.

दोघी जरा रडल्या. लुगडं नेसवलं. मग डबा उघडला आन् वच्छलाबाई मोजायला बसली, एक-एक अनारसा ताटात ठेवत, उन्हाकडं धरून बघत. एकाला बी तडा न्हवता. एकतीस. बत्तीस. आन् डबा रिकामा.

तिनं डबा उपडा केला. झटकला. दोन खसखशीचे दाणे पडले.

"बत्तीस! मी मोजून तेहतीस भरलते! रीतच तेहतीसाची हाय! मल्लिनाथची स्प्रिंग फुटू देत न्हाई ते ठीक, पर अनारसा गिळती का काय?"

अमरसिंह भिंतीवरचं कॅलेंडर लई लक्ष देऊन वाचायला लागला.

"अमरसिंह!"

"आज्जी, नेकनूरला," तो म्हणला. "तू पाणी प्यायलीस तवा. एकच. चहाबरोबर."

मग जे झालं ते आजूबाजूच्या चार घरांनी ऐकलं. जाड तारेपासून धरून मिशीपर्यंत बाईनं त्याचं सगळं काढलं. अक्का खाटेवर हसून हसून खोकायला लागली. तिला पाणी पाजावं लागलं. पाणी पेऊन तिनं ताटातला एक अनारसा चाचपडून उचलला, त्याचे दोन तुकडे केले आन् म्हणली, "हे घे. झाले तेहतीस. आता बोंब बंद कर." वच्छलाबाई मनात हिशोब लावत राह्यली.

उन्हं उतरली तवा अक्का म्हणली, "वच्छे, दोन वर्सं झाली, मी ह्या उंबऱ्याच्या बाहेर न्हाई. ह्या पोरांच्या गाड्या उंच. तुझी गाडी बुटकी म्हणतेत. मला जरा देवळापर्यंत नेती का?"

अमरसिंह उठून दार उघडायला गेला बी.

"थांब रे," वच्छलाबाई म्हणली. ती काठी टेकत उठली, थोरल्या बहिणीपाशी आली आन् तिला वरून खालपर्यंत नीट बघितलं.

"अक्का, आधी सांग. वजन किती हाय तुझं?"